लाखोलीतला एकेक दाणा

(बडोद्यातील एका मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

मंडळाने मला दिलेला विषय मोठा आहे : श्रद्धेच्या आधाराने स्वतःतील सामर्थ्य ओळखणे आणि आपल्या ध्येयावर चित्त स्थिर ठेवणे. मी पस्तीस वर्षे याच शहरात, मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवले. त्यामुळे मोठे पद समोर आले की त्याचे अवयव पाडून पाहण्याची सवय हाडीमांसी खिळली आहे, आणि या विषयाकडेही मी तशीच पाहणार आहे. सामान्यतः आपण असे धरून चालतो की माणसाने आधी आपले गुण शोधावेत, मग त्या गुणांना शोभेल असे ध्येय ठरवावे आणि त्या वाटेवर दमछाक झालीच तर आधाराला श्रद्धा ठेवावी. माझ्या पाहण्यात आणि माझ्या स्वतःच्या आयुष्यात मात्र हा क्रम उलटा आला. आधी श्रद्धेने हातातले काम धरावे लागले, ते काम करता करता गुण दिसू लागला, आणि ध्येय काय होते हे तर फार उशिरा उमगले.

हे स्पष्ट करण्यासाठी मी बडोद्याशी जोडलेल्या एका घरातली हकीकत सांगते. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली कोकणातल्या गागोदे गावी झाला, पण त्यांचे शिक्षण आणि घडण झाली ती बडोद्यात. त्यांच्या आई रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण भक्ती अपार होती. त्यांनी एकदा देवाला तांदळाची लाखोली वाहण्याचा संकल्प केला. लाखोली म्हणजे एक लाख दाणे, आणि त्या एकेक दाणा मोजून देवापुढे ठेवत असत. विनोबांचे वडील शास्त्रीय वृत्तीचे होते. त्यांनी सुचवले की एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यातले दाणे मोजावेत, लाख दाण्यांचे वजन त्रैराशिकाने काढावे आणि चूकभूल म्हणून अर्धा तोळा वर घालावा. आईला यावर काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. संध्याकाळी त्यांनी आपल्या विन्याला, म्हणजे विनोबांना, विचारले, आणि विन्याने सांगितले ते असे की हा हिशेबाचा प्रश्नच नाही. प्रत्येक दाण्यासरशी मन देवापाशी जाते, म्हणून दाणे एकेकच मोजायला हवेत.

मी गणिताची शिक्षिका असल्यामुळे ही हकीकत वाचून थांबले नाही. घरातले तांदूळ घेऊन बसले. एका तोळ्यात साधारण सहाशे दाणे भरले. म्हणजे लाख दाण्यांना सुमारे एकशे सदुसष्ट तोळे, दोन किलोंच्या किंचित आत. वडिलांची रीत बिनचूक आहे, परीक्षेत मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. आणि आईची रीत? मिनिटाला साठ दाणे मोजले तरी जवळजवळ अठ्ठावीस तास लागतात. मी पाचशे दाणे मोजले आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आले की शंभराच्या पुढे बोटांना दाणा ओळखू येऊ लागतो. तुटलेला दाणा आपोआप बाजूला पडतो. कणी वेगळी होते. एखाद्या दाण्याच्या टोकाशी राहिलेला कोंड्याचा लालसर कण दिसतो. तोळ्याने मोजणाऱ्याला तांदळाचे वजन कळते, दाण्याने मोजणाऱ्याला तांदूळ कळतो. आज मला जे सांगायचे आहे ते सगळे या दोन मोजण्यांमधल्या अंतरात सामावलेले आहे.

आता माझी गोष्ट. विज्ञानाची पदवी घेतली तेव्हा माझे गुण चांगले होते आणि पुढे गणितातच संशोधन करायचे असे मी मनाशी पक्के केले होते. त्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. घरात धाकटी दोन भावंडे होती. मला शाळेत नोकरी मिळाली आणि मी ती धरली. पुढची सहा वर्षे मी वर्गात उभी राहत होते, पण मनाने तिथे नव्हते. देवाने आपल्याला चुकीच्या जागी नेऊन बसवले आहे, अशी माझी तक्रार होती. आपल्याकडे पुष्कळ मंडळी गुरुवारी नारेश्वरला जातात, तशी मीही जात असे. रंगावधूत महाराजांच्या त्या स्थानी, नर्मदेच्या काठी बसून, माझे खरे काम कोणते ते मला दाखवा, असा कौल मागत असे. उत्तर येत नसे. संध्याकाळी बस पकडून घरी यावे, तर टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच पडलेला असे. तो गठ्ठा हेच उत्तर आहे, हे समजायला मला सहा वर्षे लागली.

त्या काळात मी उत्तरपत्रिका तोळ्याने तपासत होते. शेवटचे उत्तर पाहायचे, बरोबर असेल तर खूण, चूक असेल तर फुली, आणि पुढचे पान. एका रात्री मी अशीच चिडून पेपर तपासत होते. आई शेजारी वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "अगं, इतका त्रास होतो तर लाखोली समज. एकेक पेपर देवापुढे ठेवतेस असे समजून बघ." आईला विनोबांच्या घरातली ती हकीकत ठाऊक नव्हती. तिच्या आयुष्यात लाखोली ही रोजची गोष्ट होती, म्हणून तिला ती सुचली. त्या रात्री मी वरवर काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून, काहीशा नाइलाजानेच, तसे करून पाहिले. पेपर उघडण्याआधी एक क्षण थांबायचे, ज्या मुलाचा पेपर आहे त्याचा चेहरा आठवायचा, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते मूल जसे गेले तसे जायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका मुलीचा पेपर हाती आला. तिने एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच असे लिहिले होते. ही चूक मी शेकडो वेळा पाहिली होती आणि शेकडो वेळा फुली मारली होती. अंशात अंश, छेदात छेद मिळवला, मूर्खपणा, असे म्हणून पुढे गेले होते. त्या दिवशी मी तिला बोलावले आणि रागावून विचारले नाही, तर खरोखर विचारले, की तू हे कसे केलेस. तिने माझ्याच हातची लाल शाई मला दाखवली. पहिल्या प्रश्नात दोनपैकी एक गुण, दुसऱ्या प्रश्नात तीनपैकी एक गुण, आणि खाली मीच बेरीज करून लिहिले होते : पाचपैकी दोन. "बाई, तुम्ही पण असेच करता ना?" ती म्हणाली. बंधुभगिनींनो, मी खुर्चीत बसून राहिले. त्या मुलीने जे केले होते त्यात तर्क होता, निरीक्षण होते, आणि ते तिने माझ्याकडूनच उचलले होते. तिला एवढेच कुणी सांगितले नव्हते की गुणपत्रिकेत पूर्ण बदलत जाते, आणि अपूर्णांकांची बेरीज करताना पूर्ण एकच असावे लागते.

त्या दिवशी मी एक वही घातली. तिच्या पहिल्या पानावर श्रीकार काढला आणि खाली ही चूक लिहिली, मुलीने दिलेल्या कारणासकट. पुढे त्या वहीत चुका जमत गेल्या. काही मुले दशांश चिन्हानंतरची संख्या जितकी लांब तितकी ती मोठी, असे समजतात, कारण तोवरच्या सगळ्या संख्यांच्या बाबतीत ते खरे ठरलेले असते. काही मुले ऋण संख्येला थंडीसारखे समजतात, आणि मग दोन थंड्या एकमेकींना गुणल्या की ऊब कशी येते, असे त्यांना प्रामाणिकपणे कोडे पडते. संशोधन करायचे होते ना मला? संशोधनच करत होते मी, पण ते कळायलाही आणखी काही वर्षे जावी लागली. माझ्यात असा एखादा गुण आहे, की समोरचा माणूस कुठे आणि का चुकतो आहे ते मला दिसते, हे मला माझ्या पदवीच्या गुणपत्रिकेने कधी सांगितले नव्हते. मराठीत परीक्षेतल्या आकड्यालाही आपण गुण म्हणतो आणि माणसाच्या ठायी असलेल्या शक्तीलाही गुणच म्हणतो. या एका शब्दाने आपल्या घराघरांत केवढा घोटाळा करून ठेवला आहे! आकडा हाती आला की शक्तीचा शोध संपला असे आईबाप समजतात, आणि आकडा आला नाही की शक्ती नाहीच असे समजतात.

याच संदर्भात मला माझा एक विद्यार्थी आठवतो. नववीत तो बीजगणितात दोनदा नापास झाला. वडील नव्हते, मांडवीकडच्या एका गल्लीत मामांचे शिवणकामाचे दुकान होते, तिथे तो संध्याकाळी बसत असे. नवरात्र जवळ आले म्हणजे तो शाळेत दिसत नसे, कारण बडोद्यातल्या गरब्याचे दिवस म्हणजे चणिया-चोळी शिवणाऱ्यांचे वर्षाचे पीक. एकदा मी त्याला शोधत दुकानात गेले. तो जमिनीवर कापड पसरून चणियाच्या कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असे घेराचे तुकडे, आखत होता. कंबर अठ्ठावीस इंच, कळ्या सोळा, म्हणजे प्रत्येक कळीला वर पावणेदोन इंच, अधिक दोन्ही बाजूंना शिवणाची माया. घेर ठरलेला, म्हणून खालची रुंदीही ठरलेली. हे सगळे तो तोंडाने पुटपुटत करत होता, कागद नाही, पेन्सिल नाही, फक्त खडूचा तुकडा. आणि त्याने एक कळी सरळ तर शेजारची उलटी, अशा मांडत नेल्या. एकीचे अरुंद टोक दुसरीच्या रुंद टोकाला लागून बसले आणि कापडाची चिंधीसुद्धा वाया गेली नाही. समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ ज्याला फळ्यावर येत नाही असे मी म्हणत होते, तो ते जमिनीवर मांडत होता.

मी त्याला तिथेच सांगितले की हेच गणित आहे आणि तुला ते उत्तम येते. त्याचा विश्वास बसला नाही. बाई आपल्याला बरे वाटावे म्हणून बोलत आहेत, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. पण आणखी एक गोष्ट मी पाहिली, आणि तीच मला तुम्हाला सांगायची आहे. कापडाला कात्री लावण्याआधी त्याने ती कपाळाला लावली, डोळे मिटले, ओठ हलले, आणि मग एकाच धारेत शेवटपर्यंत कापत नेले. मी विचारले तेव्हा म्हणाला, "मामा म्हणतात, कापड दुसऱ्याचे असते. चुकले तर परत जोडता येत नाही. म्हणून देवाला सांगून कापायचे." मला वाटते, श्रद्धेची याहून साधी व्याख्या मी ऐकलेली नाही. आपल्या हातात आलेली वस्तू आपली नाही, ती कुणीतरी विश्वासाने सोपवलेली आहे, म्हणून हात स्थिर ठेवायचा. परीक्षेच्या कागदावर त्याचा हात थरथरत असे, कारण तिथे त्याला स्वतःला सिद्ध करायचे होते. कापडावर तो थरथरत नसे, कारण तिथे स्वतःचा प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्षी मी त्याला समीकरणे कळ्यांवरून शिकवली, तो उत्तीर्ण झाला, आणि आज त्याचे स्वतःचे दुकान आहे.

गुण आपल्याला स्वतःला दिसत नाही, तो बहुधा दुसऱ्याला आधी दिसतो, हे इथे लक्षात घ्यायला हवे. पुन्हा भाव्यांच्या घरी जाऊ. रुक्मिणीबाई गीतेचे प्रवचन ऐकायला जात, पण संस्कृत श्लोक त्यांना समजत नसत. त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. त्याने आणून दिलेला पद्यानुवादही त्यांना जड गेला. तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या की मग तूच का सोपी करून देत नाहीस. हा प्रश्न विचारला गेला तेव्हा विनोबा महाविद्यालयात जाणारे तरुण होते. कविता करत, पण मनासारखी उतरली की अग्नीला अर्पण करत. पुढे काशीला गेल्यावर गंगेला अर्पण करत. त्या मुलाच्या हाती शब्द आहे, हे आईने ओळखले होते, आणि मुलाने तो शब्द कीर्तीसाठी राखून ठेवला नव्हता. आई १९१८ साली गेल्या. विनोबांनी गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद सुरू केला तो ऑक्टोबर १९३० मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये तो पूर्ण केला. सातशे श्लोक, चार महिने. त्याला त्यांनी नाव दिले 'गीताई'. आई जाऊन बारा वर्षे झाली होती. मागणारी व्यक्ती राहिली नव्हती, कुणी विचारणारे नव्हते, तरी ती मागणी त्यांच्या मनात जागी होती.

ध्येयावर चित्त ठेवणे म्हणजे काय, असे मला कुणी विचारले, तर मी ही बारा वर्षे दाखवीन. या बारा वर्षांत विनोबा काही एकच काम धरून बसलेले नव्हते. सूत काततात, संडास साफ करतात, आश्रम चालवतात, तुरुंगात जातात. वरवर पाहणाऱ्याला वाटावे की आईची मागणी मागे पडली. पण ती सगळी वर्षे त्या चार महिन्यांची तयारी होती. आपण आपल्या मुलांना एकाग्रता शिकवतो ती घोड्याच्या झापडांसारखी शिकवतो, इकडेतिकडे पाहू नकोस. माझ्या मते ही एकाग्रता फार दिवस टिकत नाही, कारण तिच्यात भीती असते. ज्याच्या मनात एक गोष्ट खोल रुजलेली असते, त्याला बाकीची कामे करताना भीती वाटत नाही. विहिरीवरून घागर आणणारी बाई वाटेत मैत्रिणीशी बोलते, हसते, आणि तरी डोक्यावरची घागर हिंदकळत नाही.

मात्र नको ते सोडण्याची वेळ येते तेव्हा ते ठामपणे सोडावे लागते, याही बाबतीत या घराची हकीकत स्पष्ट आहे. विनोबांनी एके दिवशी आपल्या शाळा-महाविद्यालयातल्या प्रमाणपत्रांची सुरळी करून चुलीत घातली. आई स्वयंपाक करत होती, तिने विचारले, पुढे उपयोगी पडतील की. त्यांनी सांगितले, मला त्यांची गरज पडणार नाही. २५ मार्च १९१६ रोजी ते इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीची वाट धरली. वडिलांना पत्र लिहिले की परीक्षेला न जाता दुसरीकडे जात आहे, पण काही वावगे माझ्या हातून होणार नाही. मी शिक्षिका आहे, त्यामुळे समोर बसलेल्या पालकांना धडकी भरू नये म्हणून सांगते, प्रमाणपत्रे जाळा असे मी कुणालाही सांगत नाही. त्या आगीचे मोल कागदाच्या जळण्यात नाही. आपल्यापाशी कोणता गुण आहे हे ठाऊक झाल्यावर परतीचा दोर कापण्याची त्यांची तयारी होती, त्यात आहे.

इथे एक शंका घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. ध्येयावर ठाम राहणे आणि हट्टाला पेटणे यांत फरक कसा ओळखावा? श्रद्धेच्या नावाखाली माणसे वर्षानुवर्षे चुकीची दारे ठोठावत बसतात, हे मी पाहिले आहे. सहा वर्षे मीही नारेश्वरला जाऊन तेच करत होते. मला तेथे जे हवे होते ते माझ्या मनाने आधीच ठरवलेले होते, देवाने फक्त त्यावर सही करायची होती. विनोबांचे पाहा. घर सोडताना त्यांच्या मनात दोन ओढी होत्या, एक हिमालयाची, ब्रह्मजिज्ञासेची, आणि दुसरी बंगालच्या क्रांतीची. काशीत असताना गांधीजींच्या तिथल्या भाषणाची हकीकत त्यांच्या वाचनात आली, त्यांनी पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटले. ना हिमालय, ना बंगाल. पण शांती आणि क्रांती या दोन्हींची तहान जिथे भागते ते ठिकाण दिसल्यावर त्यांनी पत्ता बदलायला क्षणभरही वेळ लावला नाही. पुढच्याच वर्षी संस्कृत अध्ययनासाठी एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला प्राज्ञपाठशाळेत गेले आणि वर्ष पुरे झाले त्या दिवशी परत आश्रमात हजर झाले. हट्टी माणूस ठिकाणाला चिकटतो. श्रद्धावान माणसाला ठिकाण बदलण्याची भीती वाटत नाही, कारण त्याचे धरलेले बोट वेगळेच असते. समर्थांनी ज्याला अधिष्ठान म्हटले ते हेच, असे मी समजते.

आता मी विषयाच्या अशा भागाकडे येते ज्याबद्दल सहसा बोलले जात नाही. आपला गुण सापडला, त्याला लोकांची दाद मिळू लागली, म्हणजे सारे झाले का? दांडिया बाजारातल्या श्री अरविंद निवासावरून आपण रोज येतो-जातो. श्री अरविंद १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे बडोदा संस्थानच्या सेवेत होते. महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते, इथेच मराठी शिकले. शब्द हे त्यांचे सामर्थ्य होते, लेखणीही आणि वाणीही. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेची काँग्रेस फुटली, त्यानंतर ते बडोद्याला आले आणि जानेवारी १९०८ मध्ये विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी त्यांची भेट झाली. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर तीन दिवस दोघे बसले. लेल्यांनी सांगितले ते थोडक्यात असे : विचार आपले नसतात, बाहेरून येतात, ते आत शिरण्याआधीच त्यांना परतवा. तीन दिवसांत श्री अरविंदांचे मन निःशब्द झाले.

लगेच मुंबईला सभा होती. हजारो माणसे ज्यांचे शब्द ऐकायला येणार त्यांच्यापाशी एकही शब्द उरलेला नव्हता. भाषण तयार करायचे तर मन हवे, आणि मन तर शांत होऊन बसलेले. त्यांनी लेल्यांना विचारले. लेल्यांनी सांगितले की श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, बोलणे मनाच्या पलीकडून येईल. १९ जानेवारी १९०८ रोजी ते तसेच उभे राहिले, नमस्कार केला, आणि भाषण आले. त्यानंतरचे आपले सारे बोलणे आणि लिहिणे अशाच रीतीने आले, असे त्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे.

योगाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही आणि मी त्या वाटेला जात नाही. मला या प्रसंगातला एक क्षण मात्र फार महत्त्वाचा वाटतो, नमस्कार आणि भाषण यांच्या मधला. त्या क्षणी त्या थोर माणसाच्या हाती स्वतःचे सामर्थ्य नव्हते. गुण सापडला की आपण त्याला घट्ट धरतो, आणि धरला की तो आक्रसू लागतो. गायक आपल्याच तानेच्या प्रेमात पडतो, शिक्षक आपल्याच युक्तीच्या. माझेही झाले. चुकांची वही भरत गेली तसा मला तिचा अभिमान झाला. मूल तोंड उघडण्याआधीच मी त्याची चूक ओळखू लागले आणि सांगूनही टाकू लागले. एका मुलाने मला धीटपणे सांगितले, "बाई, मी तसे नव्हते केले." मी त्याचे ऐकलेच नव्हते. मी पुन्हा तोळ्याने मोजू लागले होते, फक्त आता माझ्या तोळ्याला अनुभव असे भारदस्त नाव होते. त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. मूल बोलत असताना हात वहीवरून काढून मांडीवर ठेवायचे आणि त्याचे वाक्य संपेपर्यंत मनातल्या मनात नाम घ्यायचे. साधी गोष्ट आहे. पण माझ्या उरलेल्या वीस वर्षांच्या शिकवण्यात जे काही बरे झाले असेल ते त्या दोन-चार नामांच्या अवकाशात झाले आहे, असे मी मनापासून सांगते.

इथे तरुण मंडळी बसली आहेत, आणि त्यांचा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण तो मला दर वर्षी विचारला जातो : माझ्यात काय आहे हे मला कसे कळेल? मी त्यांना चाचण्या देत नाही. मी विचारते की तुझ्यापुढे आत्ता कोणते काम पडले आहे, आणि तू ते तोळ्याने करतोस की दाण्याने. उत्तर बहुधा तोळ्याने असेच येते, कारण मन दुसऱ्या, अधिक शोभिवंत कामात असते. मग मी म्हणते की चाळीस दिवस ते काम देवापुढे ठेवतो आहेस अशा भावनेने कर आणि मग मला येऊन सांग. देव मानत नसशील तर ज्याच्यासाठी ते काम आहे त्या माणसापुढे ठेव, मामांच्या दुकानातल्या त्या मुलासारखे, कापड दुसऱ्याचे आहे एवढे लक्षात ठेव. काही जण चाळीस दिवसांनी येतात आणि सांगतात की हे काम माझे नाही, पण ते करताना मला अमुक एक गोष्ट जमते असे दिसले. बरेच जण पुन्हा येत नाहीत. आजारपणात, परक्या गावी, आईवडिलांच्या सेवेत अडकलेल्यांना हे सांगणे मला जड जाते, कारण त्यांच्यापुढचे काम त्यांनी निवडलेले नसते. पण मीही निवडलेले नव्हते, म्हणून सांगण्याचे धाडस करते.

निवृत्तीनंतर माझ्याकडे दर गुरुवारी शेजारच्या वस्तीतली चार-पाच मुले येतात. नारेश्वरला जाणे आता गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून गुरुवार त्यांच्यासाठी ठेवला आहे. वही चालूच आहे, ही अकरावी. गेल्या गुरुवारी एका सहावीतल्या मुलीने भागाकार केला, उत्तर चुकले, पण असे काही चुकले की इतक्या वर्षांत मी ते पाहिले नव्हते. बाकी तिने वर लिहिली होती आणि भागाकार खाली, आणि तरी तिसऱ्या उदाहरणात तिचे उत्तर बरोबर आले होते. मी तिला विचारले, ती सांगू लागली, मध्येच आई हाक मारायला आली आणि ती गेली. मी त्या पानावर तारीख घालून खालची जागा कोरी ठेवली आहे. उद्या गुरुवार आहे, आणि ती येणार आहे.